तिसरा कुकारो

होडी खाडीच्या मधोमध होती तेव्हा बेटावरून कुणीतरी हाक मारली. लांबलचक, शेवटचं अक्षर ताणलेली. होडीवाला मान खाली घालून वल्हं मारत राहिला.

‘अहो, तुम्हाला बोलावताहेत,’ हे म्हणाले. हे म्हणजे आमचे शशिकांत सरनोबत, कोल्हापूरच्या उद्यमनगरात दोन लेथ मशीनांचे मालक.

‘आयकलंय.’

‘मग ओ तरी द्या की.’

‘एकदाच घातल्यान.’

पुन्हा हाक आली. होडीवाल्यानं याही वेळी वर बघितलं नाही. बुधाजी त्याचं नाव; होडीवाल्याला तिकडे तारी म्हणतात, म्हणून बुधाजी तारी. साठीचा, काटक, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. तिसऱ्यांदा हाक आली आणि हा मनुष्य ‘येतंयऽऽ’ असा काही ओरडला, की माझ्या मांडीवरची पिशवी पाण्यात जायची वेळ आली.

‘पहिल्या हाकेला काय ऐकू येत नाही काय तुम्हाला?’ यांनी विचारलं.

‘भूत एकदाच हाक मारता,’ बुधाजी म्हणाला. ‘जेका गरज असा, तो तीनदा मारता. म्हणान तीन कुकारे झाल्याबिगर आमी होडी सोडूचे नाय.’

कुकारो म्हणजे ही अशी लांबची हाक. मी कान देऊन ऐकलं होतं. हाक ‘गोपाऽऽळ’ अशी होती.

‘पण तुमचं नाव तर बुधाजी,’ मी म्हटलं.

‘माझा नाव माका म्हायत असा गे बाय. तेणी आपला सांगूक व्हया. माझ्या बापाशीक एकान दुसऱ्याच्या नावान बोलवल्यान, भर पावसात. बापूस थंय गेलो तर कोण नाय, आणि परतताना होडी उलाटली. तेवापासून नेम केलो. जेका जावचा, तेणीच कुकारो घालूचो. आपल्या नावान, तीनदा.’

यांना ते फार आवडलं. होडीतच छाती भरून ‘शशिकाऽऽन्त’ करून बघितलं त्यांनी. दिवसभर लेथच्या आवाजावर ओरडून माणसं कामाला लावणारा गडी, त्याला काय अवघड! बुधाजी खूश झाला. मी पदर सावरून बसले.

मी फारशी बोलत नसे आणि बोलले तरी हळू. सतरा वर्षं मी कोल्हापूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर होते. लोकांना वाटतं, ऑपरेटर म्हणजे बडबडी बाई. उलट आहे. कानाला हेडफोन, ओठांशी टेकलेला माउथपीस, आणि आवाज असा की शेजारच्या बोर्डावरच्या बाईला त्रास होता कामा नये. दुसऱ्यांची माणसं दुसऱ्यांना जोडून द्यायची आणि मधून निघून जायचं. घरी सुद्धा मला तीच सवय लागली होती.

१९८५च्या त्या डिसेंबरात मला बढती मिळाली. सुपरवायझर, रत्नागिरी. आधी दोनदा आली होती. एकदा आमचा मुलगा विकास लहान होता, एकदा सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, आणि दोन्ही वेळा ‘कौटुंबिक अडचणीमुळे’ असं मीच लिहून दिलं होतं. ही तिसरी सोडली की नाव यादीच्या तळाला, म्हणजे निवृत्त होईपर्यंत तोच बोर्ड आणि तेच ‘नंबर प्लीज’. कोल्हापुरातून मला एकतीस डिसेंबरला मोकळं केलं. रुजू व्हायची मुदत होती दहा जानेवारी.

‘जा की, मी कुठं नको म्हणतोय?’ हे म्हणाले होते. ‘पण आधी आठ दिवस विश्रांती घे. रंग बघ तुझा, नुसती वाळून गेलीयेस. पंधरा दिवसांची मुदतवाढ माग. तू अर्ज लिही, मी पोस्टात टाकतो.’

मी अर्ज लिहिला, सही केली आणि यांच्या हातात दिला. आमच्या एक्स्चेंजमध्ये बातमी पसरली, की सरनोबतबाईंचा नवरा बघा, बायकोला बढती मिळाली तर तिला फिरायला नेतोय! मलाही कौतुक वाटलं. का वाटू नये? लग्नाला सोळा वर्षं झाली होती आणि आम्ही जोतिबा आणि नरसोबाच्या वाडीपलीकडे गेलो नव्हतो.

बेटाचं नाव धाकटा जुवा. जुवा म्हणजे खाडीतलं बेट. यांच्या कारखान्यात जयवंत नावाचा टर्नर होता, त्याची आई तिथं एकटी राहायची. गुणाकाकी. अंगणात सारवलेलं खळं, पाठीमागं माड, पुढं पाणी. सात घरं, एक विहीर, एक देऊळ. वीज नव्हती, मोटार नव्हती, दुकानही नव्हतं. काडेपेटी पाहिजे तरी होडीनं पलीकडे जायचं.

पहिले दोन दिवस मी नुसती झोपले. उठायचे, पेज जेवायचे आणि ओटीवर पुन्हा आडवी व्हायचे. सकाळी माडांच्या झावळ्यांवरून दंव टपटपत असे. खाडीवर धुकं इतकं दाट, की पाणी आहे हे नुसतं वल्ह्याच्या आवाजावरून कळायचं. नऊ वाजता ऊन यायचं आणि गुणाकाकी माझ्यापुढं गरम घावणे ठेवायची. कोणी मला काही विचारत नव्हतं, कोणाला काही जोडून द्यायचं नव्हतं. कानात एक बारीक किरकिर असायची माझ्या, सतरा वर्षं. तिसऱ्या दिवशी ती थांबली आणि मी घाबरून उठून बसले.

चौथ्या दिवसापासून सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या वेळी गुणाकाकीबरोबर चिखलात उतरू लागले. तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या शोधायच्या, पायाच्या बोटांनी. शिंपला बोटाला लागला की इतका आनंद व्हायचा, की मी स्वतःशीच हसायचे.

‘काय गो बाय, तुझो आवाज खंय ठेवलंस?’ गुणाकाकी विचारायची. ‘तू बोलतंस काय देवाक गाऱ्हाणा घालतंस, माका कळणा नाय.’

हे एक दिवसाआड पलीकडे जायचे, पेपर आणायला. धक्क्यावर उभं राहून तीन वेळा ‘शशिकाऽऽन्त’. बेटावरच्या बायका हातातली कामं टाकून ऐकायच्या. आठवड्यात हा माणूस तिथला लाडका झाला.

नऊ तारखेला संध्याकाळी आम्ही ओटीवर बसलो होतो. खाडी तांबूस झाली होती. हे म्हणाले, ‘बघ, कसा रंग परत आला तुझा. माणसाला आणखी काय लागतं ग?’ मी मान हलवली. खरंच बरं वाटत होतं मला, ते मी आजही नाकारणार नाही.

दहा तारखेला सकाळी सात वाजता हे आंघोळीला गेले होते. मी यांच्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात हात घातला. दाढीच्या सामानाखाली एक पाकीट लागलं. पत्ता रत्नागिरीचा, अक्षर माझं. तिकीटसुद्धा लावलेलं. आत माझा अर्ज होता, चार घड्यांचा.

हे डोकं पुसत आत आले. मी पाकीट पुढं धरलं.

‘हे पोस्टात गेलं नाही.’

‘राहिलं.’

‘राहिलं की ठेवलं?’

ते खोटं बोलले नाहीत, एवढं श्रेय मी त्यांना देते. टॉवेल खांद्यावर टाकून समोर बसले.

‘हे बघ कुमुद. विकासची दहावी पुढच्या वर्षी. आईचं वय झालंय. तू शनिवार-रविवार येणार म्हणजे घर कुणी बघायचं? तुला स्वतःहून नाही म्हणायला जड गेलं असतं, मला माहीत आहे. म्हटलं, आपोआप झालं तर तुलाही बोल नको आणि मलाही नको.’

‘आपोआप?’

‘आज संध्याकाळी मुदत संपली, की संपला विषय. तुझ्या जिवाला घोर नको म्हणून केलं मी. अजून दोन दिवस आहेत आपले, मजेत राहू की.’

आवाज जराही चढलेला नव्हता. तो चढला असता तर मला सोपं गेलं असतं. भांडणाऱ्या नवऱ्याशी भांडता येतं. पांघरूण घालणाऱ्याशी काय करायचं? ऑर्डर, पैसे आणि एक साडी पिशवीत घातली आणि स्वयंपाकघरात गेले.

‘काकी, रत्नागिरीची गाडी किती वाजता?’

‘साडेआठाक. पलीकडे तिठ्यार येता. कित्याक गो?’

‘आज पाचच्या आत मला तिथं हजर व्हायचंय. नाही झाले तर माझी बढती गेली.’

गुणाकाकीनं माझ्याकडे बघितलं, मग दाराशी उभ्या असलेल्या यांच्याकडे बघितलं. चुलीतलं लाकूड मागं ओढून ती उठली. ‘चल,’ म्हणाली.

धक्क्यावर आलो तेव्हा पावणेआठ झाले होते. धुकं विरळ होत होतं. होडी पलीकडच्या काठाला बांधलेली, आणि तिच्याजवळ बुधाजी जाळं पसरून बसलेला, अंगठ्याएवढा.

‘काकी, तुम्ही घाला ना कुकारो.’

‘मी घातलंय तर माका जावचा लागात. तुका जावचा असा मां? मगे तू घाल.’

मागून हे आले. बनियनवर, पायजम्यावर, अगदी शांत. बांधावर बसले.

‘कुमुद, तुझा आवाज शेजारच्या खोलीत जात नाही,’ ते म्हणाले. ‘पाण्यापलीकडे कुठला जायला? चल, चहा घेऊ.’

ते कुत्सितपणे म्हणाले असं नाही. त्यांना तसं खरंच वाटत होतं. मलाही.

मी ओरडले, ‘अहो ताऽरीऽ.’

चार हातांवरच्या खुंटावर बगळा बसला होता, तो सुद्धा हलला नाही.

‘तेचा नाव कित्याक घेतंस?’ गुणाकाकी म्हणाली. ‘आपला सांग.’

मी श्वास घेतला, तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून निघालं, ‘हॅलोऽऽ!’

हे मोठ्यांदा हसले. गुणाकाकीही पदराआड हसली. ‘ह्यो काय मोजूक धरूचो नाय,’ म्हणाली. हसण्यासारखंच होतं ते, दुसऱ्या कुठल्याही दिवशी मीही हसले असते. त्या दिवशी मात्र डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचा राग आला.

मला कळेना, अडतंय कुठं. ‘विकास’ म्हणून मी गल्लीच्या टोकापर्यंत हाक मारलेली होती. ‘अहो’ म्हणून जिन्यावरून मारलेली होती. पण स्वतःचं नाव घेऊन कोण ओरडतं? ते दुसऱ्यांनी घ्यायचं असतं. ‘कुमुद, पाणी.’ ‘कुमुद, माझे मोजे.’ सदतीस वर्षांत मी माझं नाव मोठ्यांदा उच्चारलंच नव्हतं.

‘कुमुद,’ मी म्हटलं. मग जरा वर, ‘कुमूऽद!’

बगळा उडाला.

‘एक,’ गुणाकाकी म्हणाली.

पलीकडे बुधाजी जाळं विणत राहिला. तिसऱ्या वेचायला निघालेल्या तीन बायका टोपल्या कमरेवर घेऊन थांबल्या होत्या. हे उठून जवळ आले.

‘पुरे की आता. लोक बघताहेत.’

‘बघू देत.’

‘शोभतं का हे?’

‘तुम्हाला शोभत होतं ना? आठ दिवस शोभत होतं.’

दुसऱ्यांदा ओरडले. घशात काहीतरी फाटल्यासारखं झालं, खोकला आला, वाकून उभी राहिले. ‘दोन!’ गुणाकाकीबरोबर टोपलीवाल्या बायकांतली एक म्हणाली.

मग यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. ‘आवाज बसेल तुझा,’ ते हळूच म्हणाले. ‘आवाजावर तर तुझी नोकरी आहे. जप की जरा.’

शप्पथ सांगते, तोवर मी दुःखानं ओरडत होते. त्या वाक्यानं मला संताप आला. अर्ज चार घड्या करून रेझरखाली ठेवणारा माणूस मला माझी नोकरी जपायला सांगत होता! मी त्यांचा हात पाठीवरून काढला.

‘सतरा वर्षं जपला आवाज,’ मी म्हटलं. ‘आज खर्च करते.’

पदर खोचला, चपला काढल्या, पाण्यात घोट्यापर्यंत उतरले आणि पोटातून ओरडले.

‘कुमूऽऽऽद!’

तो आवाज माझा होता यावर माझा विश्वास बसला नाही. पलीकडच्या माडांत कावळे उठले. बुधाजीनं जाळं बाजूला टाकलं, उभा राहिला, आणि पाण्यावरून त्याचं उत्तर आलं, ‘येतंयऽऽ!’

टोपलीवाल्या बायका ओरडायला लागल्या. गुणाकाकीनं माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि ‘गे बाय माझ्या’ एवढंच म्हणाली.

होडी लागली. पिशवी आणि चपला उचलून मी चढून बसले. तेव्हा कुठं यांना हे खरं असल्याचं कळलं असावं.

‘थांब, थांब! मीही येतो. शर्ट घालून येतो, दोन मिनिटं!’ आणि ते घराकडे पळाले.

बुधाजीनं वल्हं हातात धरलं आणि माझ्याकडे बघितलं. ‘घोवाक थांबूचा?’

घड्याळात आठ वाजून सात मिनिटं झाली होती.

‘नको,’ मी म्हटलं. ‘त्यांना यायचं असेल तर ते हाक मारतील. त्यांचा आवाज चांगला आहे.’

बुधाजी हसला नाही. ‘ता बरोबर असा,’ म्हणाला आणि वल्हं मारलं.

होडी अर्ध्यात असताना मागून ‘शशिकाऽऽन्त’ ऐकू आलं. एकदा, मग दुसऱ्यांदा. बुधाजीनं मान वर केली नाही. मी सुद्धा मागं वळले नाही. तिसरी हाक आली तेव्हा मी पलीकडच्या काठावर उतरून तिठ्याकडे धावत होते. ओलं पातळ पायांत अडकत होतं. कंडक्टरनं घंटी वाजवलेली होती. मी हात केला, ओरडायला गेले, पण घशातून हवाच निघाली. ड्रायव्हरचं लक्ष गेलं म्हणून बस थांबली.

रत्नागिरीला पोचले तेव्हा साडेतीन वाजले होते. साडीला चिखल, चपलांत वाळू. तिथल्या साहेबांनी नाव विचारलं. मला बोलता येईना. टेबलावरचं पॅड ओढून घेतलं आणि लिहून दिलं. साहेबांनी वाचलं, माझ्या साडीकडे बघितलं आणि म्हणाले, ‘बसा आधी. कोणीतरी पाणी आणा रे.’

पुढचं सांगण्यासारखं थोडं आहे. हे तीन आठवडे बोलले नाहीत. चौथ्या आठवड्यात रत्नागिरीच्या माझ्या खोलीवर स्टोव्ह आणि लोणच्याची बरणी घेऊन आले आणि स्टोव्हची वात बदलून दिली. सासूबाईंनी लेकाला वरण-भात शिकवला. विकास दहावी पास झाला, त्याला आई घरी असण्या-नसण्याशी काही देणंघेणं नव्हतं असं त्याच्या गुणांवरून दिसत होतं. मी चार वर्षांनी कोल्हापूरला परत आले, ते बोर्डावर बसायला नव्हे. शेवटी माझ्या हाताखाली चाळीस माणसं होती आणि त्यांतली निम्मी मला घाबरायची.

आता हे एकोणऐंशी वर्षांचे आहेत. कारखाना विकासनं कधीच विकला. घरी पाहुणे आले की हे बेटाची गोष्ट सांगतात. ‘हिला ओरडायला मी शिकवलं,’ असं म्हणतात, ‘हॅलो’वर सगळ्यांना हसवतात, आणि पाकिटाचं तेवढं गाळतात. मी गाळू देते. चाळीस वर्षांत त्या पाकिटावर आम्ही पुन्हा एक शब्द बोललो नव्हतो.

मागच्या महिन्यात अशीच गोष्ट रंगली. पाहुणे गेले. हे चष्मा पुसत बसले. मग म्हणाले,

‘एक विचारू? तुला संशय आला होता का माझा?’

‘नाही.’

‘मग त्या सकाळी माझ्या बॅगेत काय शोधत होतीस?’

‘पेन.’

‘पेन कशाला?’

सांगावं की नाही, याचा मी जरा विचार केला. मग म्हटलं, या वयात लपवून काय करायचं?

‘नकार लिहायला,’ मी म्हटलं. ‘आदल्या संध्याकाळी ओटीवर बसल्या बसल्या मी ठरवलं होतं, नको ती बढती. इतकं बरं वाटत होतं मला. कोल्हापूर, घर, तुम्ही, पुरे झालं. सकाळी पत्र लिहून तुमच्याच हाती पाठवणार होते, तुम्ही पेपर आणायला जाणार होता ना.’

त्यांचा हात थांबला.

‘म्हणजे मी तो अर्ज टाकला असता पोस्टात,’ ते म्हणाले, ‘तरी तू थांबणार होतीस?’

‘थांबणारच होते.’

‘आपणहून?’

‘आपणहून. आनंदानं.’

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, काढला, पुन्हा चढवला. ‘अरेरे,’ म्हणाले. ‘म्हणजे चूकच झाली की ग.’

‘तुमची झाली,’ मी म्हटलं. ‘माझी होता होता राहिली.’